गुप्तदानाचं पामतेल

ते पामतेलाचं प्रकरण आठवलं की आजही चहा पिता पिता मला ठसका लागतो. निवृत्त झालो, वर्दी कपाटात गेली, पण पाहुणे आले की घरातली मंडळी म्हणतात, "ते तुमचं दुधाचं सांगा ना." तेव्हा कळतं, माणसाची नोकरी लोकांच्या लक्षात राहते ती त्याच्या पदकांमुळे नव्हे, फजितीमुळे. या हकिगतीत कुणाचंही नाव घेणार नाही. शक्य असतं तर माझंही गाळलं असतं.

मी तेव्हा बारामती तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत सांगवीच्या पलीकडे एक वाडी होती. ऊस सगळ्यांचाच, पण उसाचे पैसे यायचे तेव्हा येतात. रोजचं घर चालतं ते गाईंवर. वाडीचं दूध संकलन केंद्र एक वयस्कर गृहस्थ चालवत. सगळे त्यांना तात्या म्हणत. रोज सकाळी वाडीचं दूध टँकरमध्ये भरायचं आणि एमआयडीसीतल्या एका डेअरीत जायचं. एके दिवशी डेअरीनं टँकर परत पाठवला. दुधात वनस्पती तेल आहे, म्हणे. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी वाडीचं दूध बंद.

थोड्याच दिवसांत मला खबर आली. खबर देणारा आमचा जुना माणूस. त्याला शेठ म्हणू. शेजारच्या इंदापूर तालुक्यात, भवानीनगरजवळ त्याचा गाईंचा गोठा होता, वाडीचं दूध नेणारा टँकरही त्याचाच. शिवाय ठाण्याच्या चहाला दूध त्याच्याकडूनच यायचं. ते विकत की फुकट, हे विचारायचं नाही अशी आमच्याकडे प्रथा होती.

"साहेब, माझ्या टँकरचं नाव खराब होतंय म्हणून सांगतो," शेठ फोनवर म्हणाला. "तात्याच्या केंद्रामागची खोली बघा. पामतेलाचे डबे हायत."

खरं म्हणजे अशा कामात अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना बरोबर घ्यायचं असतं. त्या मॅडमना मी फोन केला, त्या म्हणाल्या, "उद्या येते, तोवर थांबा." पण ठाण्यात एक वार्ताहर येऊन बसला होता आणि माझी वर्दी नुकतीच इस्त्री होऊन आली होती. थांबलो नाही.

आता पंच हवेत. सर्वसामान्य वाचकांना कल्पना नसेल, पण पंच मिळवणं हे पोलीस खात्यातलं सर्वांत अवघड काम आहे. जीप दिसली की पारावरची माणसं उठून जातात, दुकानदाराला एकाएकी पोट दुखायला लागतं. शेठ मात्र हाक मारली की हजर. सही वळणदार, कोर्टाची तारीख कधी चुकवली नाही. आमचा कायमचा पंच तो. त्याही दिवशी मी त्यालाच घेतलं. खबर देणारा तोच, टँकरवाला तोच आणि पंचही तोच. हे आज लिहिताना मला जेवढं विचित्र वाटतंय, तेवढं तेव्हा वाटलं असतं तर हा लेख झाला नसता.

डबे सापडले. खोलीत नीट रचून ठेवलेले, वर पोतं टाकलेलं. पंचनामा झाला, मुद्देमाल जप्त, केंद्राला सील. डब्यांशेजारी उभा राहून मी वार्ताहराकडून पेपरासाठी फोटोही काढून घेतला. तात्यांना चौकशीसाठी ठाण्यात आणलं.

"हे तेल कुणाचं?" मी विचारलं.

"देवाचं."

"देवानं कुठल्या दुकानातून आणलं?"

"गुप्तदान हाय साहेब. जत्रंच्या भज्यांसाठी. देवळात उंदरं लय, म्हून केंद्रात ठिवलं."

"देणारा कोण?"

"त्येच तर सांगता येत न्हाय. नाव फोडणार न्हाय म्हून देवाफुडं शब्द दिलाय."

"तात्या, तुरुंगात जाल."

"जाईन की. तितं धार तरी काढावी लागणार न्हाय." मग ते जरा पुढं सरकले. "माझं ऱ्हाऊ द्या. तुमी केंद्राला सील लावलं. गाईला लावता येतंय का? सकाळ-संध्याकाळ दूध निघतंय. बायका खवा आटवून आटवून दमल्या. आता वाडीचं नाव ऐकलं की खवा बी कुणी घेईना. दोघांनी गाई बाजारात न्यायचं ठरवलंय. एकदा दावणीची गाय गेली म्हंजे परत येत न्हाय, साहेब."

मी ते टिपून घेतलं आणि विश्वास ठेवला नाही. माझ्या या अविश्वासाला आमच्या हवालदारांनी शास्त्रीय आधार दिला. हा माणूस निवृत्तीला आलेला, पोटानं पुढं आणि अनुभवानं त्याहून पुढं. ते म्हणाले, "साहेब, जत्रेला उदबत्तीचा पुडा दिला तरी माणूस माईकवर दोनदा नाव पुकारून घेतो. एवढे डबे देऊन गप्प बसणारा देणगीदार आपल्या दोन्ही तालुक्यांत जन्माला आलेला नाही."

मुद्दा बिनतोड होता. मी त्यातून निष्कर्ष काढला की तात्या खोटं बोलतायत. एका बिनतोड मुद्द्यावरून इतका चुकीचा निष्कर्ष मी पुढे पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. आल्या आल्या त्यांनी माझी हजेरी घेतली.

"पामतेल बाळगणं गुन्हा कधीपासून झाला? तुमच्या हातात काय आहे?"

माझ्या हातात बिस्कीट होतं.

"त्यात आहे. तुमच्या साबणात आहे, फरसाणात आहे. परदेशात जंगलंच्या जंगलं साफ करून पामची झाडं लावतात, तिथली जनावरं देशोधडीला लागतात, आणि तेल बोटीनं इकडं येतं. ते दुधातल्या स्निग्धांशापेक्षा स्वस्त पडतं, म्हणून लोक दुधात घालतात. पामतेलाला पामतेल म्हणून विका, माझं काही म्हणणं नाही. दूध म्हणून विकलं की गुन्हा. आणि गाईवाल्याचं पोट जातं ते वेगळंच."

बाकावर बसलेले तात्या लक्ष देऊन ऐकत होते. मी बिस्कीट परत ठेवायला पुडा शोधत होतो.

मॅडमनी कागद तपासले आणि पंचनाम्याच्या एका पानावर शेठची सही राहिल्याचं दाखवलं. ती घ्यायला मीच शेठच्या गोठ्यावर गेलो. त्यानं खुर्ची टाकली, दाट चहा दिला. "गाईची निगा राखली की असं दूध मिळतं," असं मी हवालदारांना सुनावलंही. मागच्या बाजूला शेठचा टँकर उभा होता.

"दूध चालू होतं तवा रोज हितं धुवायला यायचा, आता उभाच हाय," शेठ म्हणाला.

सही झाली. गोठ्याला एक चक्कर मारून, कौतुक करून मी जीपमध्ये चढलो. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, पाय झटकून बसा, गाडी आत्ताच धुतलीय."

मी खाली पाहिलं. बूट लखलखत होते.

मी शेतकऱ्याच्या घरात जन्मलो. धारा काढत, शेण भरत शाळेत गेलो. दुभत्या गाईंच्या गोठ्यातून कोरड्या, चकचकीत पायांनी बाहेर पडलेला माणूस मी पाहिला नव्हता. शेण नाही, मुताचा वास नाही, मागे उकिरडा नाही. दावणीला दोन गाई होत्या, त्याही पाहुण्यांसारख्या अवघडून उभ्या. मग दूध कशाचं? आणि आणखी एक. सांगवीकडून एमआयडीसीला जायला भवानीनगर वाटेत लागतच नाही. टँकर रोज इतकी वाकडी वाट करून नुसती अंघोळ करायला यायचा? जीपमध्ये मी हे सगळं हवालदारांना सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, ठाण्यात रोज आपण मुद्देमालच पितोय म्हणायचा."

संशय पक्का झाला, पण तात्यांच्या खोलीतले डबे शेठशी जोडायचे कसे? तात्या बोलणार नव्हते. मग शेठलाच बोलतं करायचं ठरवलं. पंच म्हणून त्याला ठाण्यात बोलावलं. तात्या बाकावर, मॅडम खुर्चीत. मी शेठला त्या तेलाबद्दल अवाक्षर विचारलं नाही. हवालदारांकडे वळून म्हणालो, "काही म्हणा, जत्रेला एवढं तेल देणारा माणूस मोठ्या मनाचा."

"तर काय साहेब," हवालदार म्हणाले. "वाडीत बोलतायत, तो पोल्ट्रीवाला असणार. तसा दानशूरच आहे तो."

पोल्ट्रीवाला आणि शेठ यांचं जत्रेच्या मानावरून जुनं वैर होतं. शेठ खुर्चीत हलला.

"पोल्ट्रीवाला?" तो म्हणाला. "त्यो कोंबडीचं पीस देणार न्हाय फुकट."

"सत्कार करायला हवा त्याचा," मी म्हणालो. "जत्रेत, स्टेजवर. फेटा बांधून."

"आवो कुणाचा सत्कार करताय?" शेठ उभाच राहिला. "ते डबे मी दिल्यात. माझ्या पदरचं त्येल हाय. विचारा तात्याला."

तात्या मॅडमकडे बघत म्हणाले, "मी सांगितलं न्हाय बरं का. लिवून घ्या."

शेठच्या लक्षात आलं तोवर हवालदारांनी जबाबाचा कागद पुढे ओढला होता. पुढचं सोपं गेलं. इंदापूरच्या हद्दीतले सहकारी आणि मॅडम, असे आम्ही एकत्र गोठ्यावर गेलो. गाईंच्या शेडमागच्या खोलीत तशाच छापाचे डबे निघाले आणि वाडीचं चांगलं दूध काढून घ्यायच्या किटल्याही. टँकर वाटेत इथं आणायचा, चांगलं दूध काढायचं आणि त्या जागी पामतेलाचं दूध भरायचं, असा धंदा होता. टँकर दोनदा परत आल्यावर आळ दुसऱ्यावर जावा, म्हणून त्यानं देवाला दान केलं होतं. आळ घ्यायला तात्या होते आणि घालायला मी.

तात्यांना सोडलं, केंद्राचं सील मी स्वतः काढलं. पण डेअरी वाडीचं दूध घ्यायला तयार होईना. त्यांना पोलिसांचा फोटो आठवत होता, सुटका आठवत नव्हती. म्हणून नव्या टँकरच्या पहिल्या फेरीला मीच तात्यांबरोबर गेलो, वर्दीत. एमआयडीसीच्या रस्त्यावर कामगारांच्या मोटारसायकली आमच्याकडे बघत आत जात होत्या. त्यांना वाटलं असेल, टँकरला अटक झालीय. आत नमुना तपासत होते. आरोपीच्या जामिनाला त्याची आई कोर्टाबाहेर थांबते, तसा मी फाटकाशी थांबलो होतो.

"साहेब," तात्या म्हणाले, "त्या म्याडम म्हणत हुत्या, तिकडं जंगल तोडून ती झाडं लावत्यात. मग तितल्या शेतकऱ्याचं तरी बरं चाललंय का?"

"मला माहीत नाही, तात्या."

"इचारा की. तुमी पोलीस हाय."

तेवढ्यात फाटक उघडलं आणि आतल्या माणसानं टँकरला हात केला. तात्यांनी टोपी काढली, परत घातली.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? एक म्हणजे, जो पंच आपणहून धावत येतो त्याचे पाय आधी बघावेत. दुसरं म्हणजे, दूध नासायला एक वेळ पुरते आणि गावाचं नाव नासायला आमचा एक फोटो. फोटो मी काढला होता, तो पुसायला मला फाटकावर उभं राहावं लागलं, आणि ते योग्यच झालं.

तात्यांचा प्रश्न मात्र सुटेना. बदली होण्याआधी मी थोडंफार वाचलं, मॅडमना विचारलं. एका सकाळी केंद्रावर जाऊन तात्यांना सांगितलं, की तिकडच्या काही छोट्या शेतकऱ्यांची घरं त्या पिकावर उभी राहिली, काहींची जमीन आणि जंगल दोन्ही गेलं, आणि तेलाचा भाव तर ठरतो तिसरीकडेच, त्यांना न विचारता.

तात्या समोरच्या बाईचं दूध मापात ओतत होते. थेंबन् थेंब निथळेपर्यंत त्यांनी किटली धरून ठेवली.

"म्हंजे आपल्यावानीच की," ते म्हणाले. "चला, फुडं कोण हाय?"