शेजारच्या आरतीचा दिवा

नव्वदच्या दशकात सुरतेत माझ्या खिशात तीन वस्तू कायम असायच्या. टेस्टर, स्क्रू फिरवायचं बारीक डिसमिस आणि एक रिमोट. पहिल्या दोन कुठल्याही वायरमनकडे असतात. रिमोट फक्त माझ्याकडे होता, आणि त्याची मला इतकी मिजास की शर्टाच्या खिशातून तो बोटभर बाहेर दिसेल असाच मी ठेवायचो.

दिवसा मी पांडेसऱ्यातल्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात वायरमन होतो. अठवालाइन्स या श्रीमंत वस्तीतल्या एका बंगल्यात माझी वर्णी लागली ती एका बाईमुळे. ती तिथे घरकाम करायची. धुळ्याकडची, माझ्या बायकोच्या गावची. आमच्या खानदेशात पोरगी दिली की जावई एका घराचा राहत नाही, अख्ख्या गावाचा होतो. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, तरी मला पाव्हना म्हणायची आणि मी समोर आलो की डोक्यावरचा पदर सारखा करायची. मी तिला ताई म्हणायचो. बंगल्याची पाण्याची मोटर बंद पडली तेव्हा तिनेच मालकांना, म्हणजे शेठना, सांगितलं की आमच्या गावचा जावई विजेच्या कामात हुशार आहे. त्या एका वाक्यावर मी त्या घरात शिरलो.

पुढे शेठच्या लंडनच्या भावाने खोकंभर सामान पाठवलं. प्लगमध्ये बसवायच्या पांढऱ्या डब्या, बटणांच्या पट्ट्या, रिमोट. इथलं बटण दाबलं की हुकूम घरातल्याच वायरमधून पळतो आणि पलीकडच्या खोलीतला दिवा लागतो. वेगळी तार ओढायला नको. प्रत्येक डबीवर दोन बारीक चकत्या होत्या, एकीवर अक्षरं आणि एकीवर आकडे. अक्षर घराचं, आकडा दिव्याचा. सोबतचं इंग्रजी पुस्तक मी चित्रं बघून वाचलं आणि घराचं अक्षर पहिलंच ठेवलं. ते चाललं. शेठ खूश, एक जादा रिमोट त्यांनी मलाच देऊन टाकला, त्यांची म्हातारी आई, जिला सगळे बा म्हणत, ती तर दिवसभर दिवे लावून-विझवून बघत होती.

चार-पाच वर्षांनी शेजारच्या बंगल्याला तसंच हवं झालं. तेही मीच बसवलं, आणि तिथेही अक्षर पहिलंच ठेवलं. हे चुकून नाही. मी बसवीन ते प्रत्येक घर एकाच अक्षरावर, म्हणजे माझा एक रिमोट सगळीकडे चालेल, हे माझं शास्त्र होतं. कारखान्यात सगळ्या पेट्यांना एकच किल्ली चालवायचो, तसंच. हुकूम एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ शकतो हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मीटर आला की घर संपलं, असं मी धरून चाललो होतो.

संक्रांतीनंतर बांच्या खोलीतला दिवा आपोआप लागू लागला. बा संध्याकाळी पडलेल्या असत आणि डोक्यावर दिवा भकदिशी लागे. कधी पंखा बंद पडे. पहिल्या दोन-तीन वेळा सगळे हसले. मग बांनी अंथरूण धरलं. आपल्याला कुणीतरी छळतंय, आपण या घरात नकोशा झालोय, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या. शेठना ते फार लागलं. त्यांनी मला बोलावून घेतलं.

मी कारखान्यातून सुटलो की रोज तिकडे जायचो. डब्या पिवळ्या पडल्या होत्या, काहींची बटणं चिकटत होती. मी एकेक डबी उघडून पुसली, बांच्या खोलीतली बदलली, फ्रिजचा प्लग काढून बघितला, टीव्हीचा काढला, मिक्सर वापरू नका म्हणून सांगितलं, अर्थिंग नवं केलं. फरक पडला नाही. मी आत असलो की दिवा शहाण्यासारखा गप्प आणि मी रिक्षात बसलो की तो लागलाच. शेठ एकदा सहज म्हणाले की मुंबईहून कंपनीचा माणूस बोलावू का.  मुंबईचा माणूस येणार म्हणजे माझ्या खिशातल्या रिमोटची सगळ्या सोसायटीत शोभा होणार.

त्याच दिवशी ताई मला स्वयंपाकघराच्या दारात थांबवून हळूच म्हणाली, "पाव्हना, शेजारना बंगलामा आरती व्हस, तवयच हाऊ दिवा लागस."

शेजारी आरती होते तेव्हाच दिवा लागतो, हे ऐकून मी हसलो. विजेला काय घंटा ऐकू येते का, असं काहीतरी बोललो, आणि तेही मोठ्याने, बांना ऐकू जाईल असं. तिने पदर सारखा केला आणि भांडी घासायला गेली. एवढे दिवस मी घासूनपुसून जे शोधत होतो ते तिने कामं करता करता ओळखलं होतं, आणि मी ते चेष्टेवारी नेलं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण लहानपणी मी फार ऐटीत पाठ म्हणायचो.

होळीच्या आधी शेठनी मला सगळ्यांसमोर विचारलं. बा पलंगावर पडून, शेठाणी दारात, ताई जमीन पुसत होती. मशीन बिघडलंय की नाही, एकदाच काय ते सांग. मी खिशातला रिमोट काढला, बांच्या खोलीतला दिवा तीनदा लावून विझवून दाखवला आणि म्हणालो, "मशीन बराबर छे, शेठ. कोईनो हाथ अडे छे."

कुणाचा तरी हात लागतोय, एवढंच मी म्हणालो. नाव घेतलं नाही. पण बटणांची पट्टी पुसायला त्या घरात एकच हात होता, आणि मला ते बोलतानाच माहीत होतं. सगळ्यांनी खाली बघितलं. ताईने मात्र वर बघितलं, फक्त माझ्याकडे. मला वाटलं ती आता आरतीचं सांगेल. तिने फडकं पिळलं, बादली उचलली आणि मोरीत गेली. संध्याकाळी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगण्यात आलं.

आणि दिवा लागायचा थांबला. मी सुटलो. त्याच आठवड्यात शेजारचे लोक मुलीकडे परदेशी गेले होते, बंगल्याला कुलूप होतं, पण ते मला कशाला दिसेल. शेठनी माझी पाठ थोपटली. बा उठून बसल्या. सोसायटीतल्या दोन घरांनी ताईला कामाला नाही म्हटलं, हे बायकोने मला जेवताना सांगितलं, तेव्हा मी आमटीत मीठ कमी आहे म्हणालो.

महिन्याभराने शेजारचे परत आले. त्यांच्या देवघरातला दिवा अधूनमधून लुकलुकतो म्हणून मला बोलावलं. मी शिडीवर उभा होतो. खाली शेजारच्या काकींनी आरतीची तयारी केली, भिंतीवरचं बटण दाबलं आणि घंटा हातात घेतली. देवघर उजळलं. खिडकीतून समोर बांची खोली दिसत होती. तीही उजळली.

आरती संपेपर्यंत मी शिडीवरून उतरलो नाही. अक्षर दोन्हीकडे एकच, आकडाही तोच, आणि दोन्ही घरांना वीज एकाच खांबावरून. नंतर डिसमिस घेऊन त्या घरातल्या सगळ्या चकत्या एक अक्षर पुढे सरकवल्या. पाच-सात मिनिटांचं काम होतं. बाईची भाकरी गेली होती आणि मला पाच-सात मिनिटं लागली.

शेठकडे गेलो. ते काळजीत होते, कारण दिवा आज पुन्हा लागला होता. मी सांगितलं की जुन्या डब्यांत दोष होता, आता काढला, परत लागणार नाही. शेठ मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले, "तो पेली बाईनो वांक नोतो ने?"

त्या बाईचा दोष नव्हता ना, एवढं सरळ विचारलं होतं. नव्हता, असं म्हणायला एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. पहिलं खोटं मी अडाणीपणात बोललो, असं स्वतःला समजावता येतं. हे दुसरं मी सगळं समजून बोललो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर दोरही चोरानेच वळला होता.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या लेकी माहेरी जातात. त्या वर्षी बायकोला गावी जाणं जमलं नाही, म्हणून ताईने तिला आपल्या घरी बोलावलं. गावची बाई, म्हणजे माहेरच. सोबत जावयाला बोलावणं आलंच. मी टाळायला बघितलं, पण बायको ऐकेना. गोडादऱ्यात त्यांची एक खोली होती. नवरा यंत्रमागावर कामाला, पहिल्या पाळीला गेलेला. कोपऱ्यात साड्यांचा गठ्ठा होता. ताई आता घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची, आणि तिच्या बोटांची टोकं डिंकाने कडक झाली होती. तिने मला पाट दिला, खापरावरची पुरणपोळी वाढली, आंब्याच्या रसाची वाटी ठेवली, वर तूप सोडलं. बायको बाजूला बसली होती.

 मी मान खाली घालून ताईला विचारलं, की तिला सगळं माहीत होतं, तर त्या दिवशी शेठसमोर ती गप्प का बसली.

"गावना जवाईले परका लोकेसना समोर खोटं पाडतस का?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग माझ्या ताटाकडे बघत म्हणाली, "आठे परकं कोनी नही. आते सांगा, दिवा कोन लावे?"

इथे परकं कुणी नव्हतंच. बायकोने माझ्याकडे बघितलं. ताईचं काम गेलं एवढंच तिला माहीत होतं. मी खिशातला रिमोट काढून पाटाशेजारी ठेवला आणि म्हणालो, "मी."

सगळं सांगितलं. चकत्या, अक्षर, शिडी, शेठचा प्रश्न आणि माझं उत्तर. शेवटचं सांगताना बायको उठून दाराशी जाऊन उभी राहिली. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग उद्या शेठकडे जाल का, असं काही तिने विचारलं नाही. जावयाचं ताट रिकामं दिसू नये म्हणून तिने दुसरी पोळी वाढली, आणि ती मी खाल्ली.

शेठकडे मी गेलो नाही. उद्या जाऊ म्हणता म्हणता गेलोच नाही.