बाबांची शतपावली आणि उघडं गटार

नागपूर स्टेशनवर मला सोडायला बाबा घरून पायी आले. मी बॅगा घेऊन ऑटोत, ते आधीच निघालेले. गाडी हलली तेव्हा म्हणाले, "नोकरी होत राहील. पाय चालते ठेव."

मोहल्ल्यातले तुम्ही सगळे पत्रात विचारता, बंगलोर बागांचं शहर ना? असतील बागा, बसवनगुडीकडे. के. आर. पुरममधल्या आमच्या रस्त्याला एका अंगाला लॉऱ्या आणि दुसऱ्या अंगाला उघडं गटार. सफाईसाठी गटारावरच्या, चालायच्या फरश्या उचलल्या, त्या परत बसवायचं कुणाला सुचलंच नाही.

बाबा रिटायर होऊन माझ्याकडे आले. शुगरसाठी रोज चालायचंच, अशी डॉक्टरांची ताकीद. जन्मभर जेवल्यावर शतपावली घालणारा हा माणूस गच्चीवर टाकीभोवती गोल फिरू लागला. महिन्याभरात म्हणाले, "घाण्याचा बैल झालोय बेटा. माझं परतीचं तिकीट काढ."

ऑफिसात म्हणतात, या वयात कंटाळा येतोच. साफ खोटं! चालणारा माणूस घरात बसला, तर जाब रस्त्याला विचारा.

कॉलेजात मोर्च्यांची पत्रकं मीच लिहायची. इथेही फरश्यांसाठी एकत्र या, असं एक जळजळीत पत्रक लिहिलं, इंग्रजीत, आणि झेरॉक्स करून घरोघर टाकलं. एक माणूस फिरकला नाही. शेजारच्या शांताक्का चार पिढ्यांपासूनच्या इथल्या मराठी. त्यांनी माझ्या पत्रकावर भजी निथळत ठेवली होती.

"तेल बरं पितंय गं तुझं पत्रक! गल्लीला इंग्रजीत शिव्या घातलीस तर कोण येतंय? कन्नडात मागायचं. स्वल्प हळू."

त्यांनीच लिहिलं, तीन ओळींत. आमच्या घरी वयस्क माणसं आहेत. त्यांना चालायचं आहे. फरश्या बसवा.

सह्या घ्यायला बाबा अक्कांबरोबर दारोदार गेले. दर दोन घरांआड कुणीतरी म्हातारं म्हणे, मीही गच्चीवरच फिरतो. इतकी माणसं डोक्यावर गोल फिरत होती आणि मला एकटे माझे बाबा दिसत होते! ती सगळी फौज वॉर्ड ऑफिसच्या बाकांवर जाऊन बसली. साहेब म्हणाले, "नाळे बन्नी," उद्या या. ही रिटायर माणसं खरंच रोज उद्या जात राहिली.

शेवटी फरश्या आल्या. आमच्या बाजूला, देवळापर्यंतच. त्या दिवशी जेवण होताच बाबांनी चपला घातल्या आणि मला न विचारता बाहेर पडले. तिकीट मी दुसऱ्या दिवशी रद्द केलं.

घर कुठलं, असं आता विचारलंत तर सांगते: जिथे बाबा जेवून उठतात आणि सरळ दाराबाहेर पडतात, ते.

समोरची बाजू अजून उघडी आहे. पत्रक तयार आहे, कन्नडात.