उन्हाला कुलूप

रविवार, ऐन मे महिन्यातली दुपार. ठिकाण: मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीची गच्ची. हजर: दुसऱ्या मजल्यावरच्या काकू (पापडांसह), वॉचमन, सेक्रेटरी म्हणून मी, आणि भाऊ.

भाऊंना तुम्ही पाहिलं असतंत, तर आधी त्यांचा हात पाहिला असतात. कशालाही तळवा लावायचा नाही. आधी बोटांची मागची बाजू. दाराची कडी, चहाचा कप, नातवाचं तापलेलं कपाळ, सगळ्याला उलटा हात. "तळव्याला वीज लागली तर मूठ मिटते, सुटत नाही. मागून लागली तर फेकून तरी देते," असं ते समजावत.

त्यांचा जन्म कोळशाच्या वीजकेंद्रात गेला. तिथली रीत अशी: दुरुस्तीला जाणाऱ्याने स्विच पाडायचा, त्यावर स्वतःचं कुलूप घालायचं, चावी खिशात. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, साहेबानेही हात लावायचा नाही. "बंद म्हणजे बंद," हे त्यांचं पालुपद. पुढे त्यांचं युनिटच कायमचं बंद झालं. आता वीज उन्हावर आणि वाऱ्यावर, असं वरून सांगण्यात आलं. भाऊ आपलं लाल कुलूप घेऊन घरी आले.

सोसायटीत सोलरचा विषय निघाला, तेव्हा ते भांडतील असं मी धरून चालले होते. ते म्हणाले, "लाव गो खुशाल. धूर नाही, राख नाही. माझ्या छातीला विचार." मग पॅनल पुसायचं कामही त्यांनी स्वतःकडे घेतलं.

त्या दुपारी काकू ओरडल्या म्हणून आम्ही वर धावलो. मागच्या डोंगरावरून उतरणाऱ्या माकडांनी वायर कुरतडली होती. पॅनलखालून धूर येत होता, चरचर आवाज येत होता, आणि शेजारीच प्लास्टिकची टाकी. भाऊ तसेच खाली मीटर रूममध्ये गेले. स्विच पाडला, लाल कुलूप घातलं, धापा टाकत वर आले.

"बंद केलंय. व्हा बाजूला."

त्यांनी हात पुढे केला. उलटा.

ठिणगी उडाली आणि भाऊ मागे, काकूंच्या पापडांवर जाऊन आदळले.

"मी बंद केलं ना?" ते मलाच विचारत होते. "बाय, तू बघितलंस ना?"

"हो भाऊ. कुलूपसुद्धा घातलंत."

त्यांनी मान वर करून सूर्याकडे पाहिलं. घाबरले की ते मालवणीवर येत. "आणि ह्येका कोण बंद करतलो?"

खालच्या स्विचने फक्त बिल्डिंगची जोडणी तुटली होती. ऊन होतं तोवर वरच्या वायरीत वीज बनतच होती. भाऊंची भट्टी विझवता यायची. ही विझणारी नव्हती. ते बसल्या जागेवरून ओरडले, "चादरी आणा! गोधड्या आणा! काळोख करा!"

दिसेल ते आम्ही पॅनलवर टाकलं. चरचर थांबली.

"माझे पापड गं," काकू पुटपुटल्या.

"काकू, माणूस वाचलाय!" मी खेकसले.

"उडदाचे होते काय?" भाऊंनी विचारलं. "मऊ लागले." आम्ही हसलो. तरी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. पण भाऊ पुन्हा गच्चीवर आले नाहीत, कुलूपही काढलं नाही. दिवसा खिडकीचे पडदे ओढून बसत. मी दिसले की विचारत, "ढग आहेत काय गो?" नाहीत म्हटलं की दोन्ही हात काखेत लपवत. एवढा जाणता माणूस उन्हाला भितो, हे पाहून मीही भ्यायला लागले. वर माझ्या डोक्यावर लख्ख दुपारी काय चालू आहे, हा विचार तेव्हापासून सुटलेला नाही.

पावसाळा संपता संपता भाऊ झोपेतच गेले. लाल कुलपाची चावी त्यांच्या बायकोने, वहिनींनी, माझ्या हातात ठेवली.

गच्चीच्या कामांची यादी माझ्याकडे आहे. नवी वायर: झाली. लोखंडी पाईप: झाला. माकडांसाठी जाळी: झाली. गोधड्या धुऊन परत: झाल्या. ठेकेदार दर आठवड्याला फोन करतो, "मॅडम, सगळं तपासलंय, फक्त तुमचं कुलूप काढा."

माझं नाहीच ते. काल चावी घेऊन मीटर रूमपर्यंत गेले. हात पुढे केला, तो आपोआप उलटा झाला. कुलूप थंड होतं. चावी तशीच मुठीत घेऊन मी वर आले.

कुलूप काढणे: बाकी.