आच जाते कुठे?

फोन आला तेव्हा मी एका सराफाशी भांडत होतो. जुने दागिने वितळवले की थोडी घट येतेच, आणि ती किती यावी यावरून आमची रोजची वादावादी चालते. माझा आवाज चढलेला, त्याचाही चढलेला, आणि मध्येच बायकोचा फोन. "अहो, राव सर गेले." मी म्हटलं, "कुठे गेले?" ती म्हणाली, "अहो, गेले म्हणजे वारले." तेव्हा मला समजलं. खरं सांगतो, आधी दुःख झालं नाही, राग आला. तो शुक्रवार होता. रविवारी तुमच्या प्रश्नाचं बघू, असा या माणसानं मला शब्द दिला होता. तीस वर्षं धंदा करतोय, शब्द फिरवणारे पुष्कळ पाहिलेत. पण राव सरांनी असं करावं? सराफ म्हणाला, "काय झालं शेठ?" मी म्हटलं, "तुमचं बरोबर, तुम्ही म्हणता तेवढीच घट धरा." तो घाबरून उठलाच.

याला आता दोन महिने होत आले. राग पुरता गेलेला नाही, पण उतरलाय, म्हणून लिहायला बसलोय.

मी गलाईवाला. सराफांकडचं मोडीचं सोनं-चांदी, कारागिराच्या पाटावरचा चुरा, दुकानाच्या झाडलोटीतली धूळसुद्धा भट्टीत घालून त्यातून चोख धातू काढायचा, हे आमचं काम. आमच्या सांगलीकडच्या कोरड्या गावांतून माणसं या धंद्यापायी देशभर पसरली. मी सातवी सोडून मद्रासला आलो, सावकारपेठेच्या एका बोळात दुसऱ्याच्या भट्टीवर राबलो, आणि आज त्याच बोळात माझी स्वतःची भट्टी आहे. मद्रासचं चेन्नई होऊन बारा वर्षं झाली, पण माझ्या तोंडात अजून मद्रासच येतं. मला कुणी काही फुकट दिलं नाही. त्यामुळे आमच्या मराठी मंडळाच्या फळ्यावर जेव्हा चिठ्ठी लागली की मोठ्या माणसांसाठी विज्ञानाचा वर्ग, दर रविवारी दहा ते बारा, फी नाही, तेव्हा मी बायकोला सांगितलं, "कमल, फुकट शिकवणारा काहीतरी विकायला आलेला असतो. पाणी शुद्ध करायचं यंत्र नाहीतर विमा." कमल म्हणाली, "मग तुम्ही चला, तुमच्यापुढं कुणाची विकायची छाती आहे?" मी गेलो ते पहारा करायला.

राव सर तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले. तीनशे वर्षांपूर्वी त्यांची माणसं इकडे आली, इथलीच झाली. सर एका कॉलेजच्या रसायनशाळेत प्रयोग मांडून द्यायचं काम करत निवृत्त झाले होते. प्राध्यापक नव्हेत, हे ते स्वतःच आधी सांगून टाकायचे. पांढरा शर्ट, कमरेला इकडची लुंगीसारखी वेष्टी, पायांत रबरी चपला. त्यांचं मराठी जुन्या पोथीतून उचलून तमिळच्या चालीवर म्हटल्यासारखं वाटे, आणि मध्येच तमिळमधलं 'पा' म्हणजे बाबा, 'सरि' म्हणजे बरं, असंही डोकावे. "अस्के जण पुढें येऊन बसा," म्हणाले तेव्हा मागच्या रांगेतले आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. अस्के म्हणजे सगळे, हे मृणालनं सांगितलं. मृणाल शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. तिच्या सासूबाईंना वर्गाला यायचं असे आणि त्यांना एकट्यानं बस बदलता येत नसे, म्हणून ही सोबत येई आणि खिडकीत बसून राही.

दोन रविवार मी वाट पाहिली. सरांनी काही विकलं नाही. तिसऱ्या रविवारी मीच विचारलं, "सर, यात तुम्हाला सुटतं काय?" ते हसले. "जाधवराव, चाळीस वर्षं पोरांस शिकवणारांचे प्रयोग मांडले. पोरं परीक्षेसाठीं पाहतात, पा. मोठीं माणसं पाहायलाच पाहतात. तें मला पाहायचं आहे." असल्या उत्तराला काय भाव करणार?

मग मी जातच राहिलो. एप्रिलमध्ये एकदा त्यांनी आम्हाला भर दुपारी गच्चीवर नेलं. मद्रासच्या उन्हात, एप्रिलमध्ये, बारा वाजता! मी जिना चढताना शिव्याच घालत होतो. वर स्टीलची एक उंच बाटली उभी केलेली. तिची सावली आखडत आखडत आली आणि बाराच्या पुढे काही मिनिटांनी बाटलीच्या बुडाखाली नाहीशीच झाली. वर्षातून दोनच दिवस या गावात सूर्य असा नेमका डोक्यावर येतो, हे इथं इतकी वर्षं काढून मला ठाऊक नव्हतं. बँकेतले देशपांडे स्वतःभोवती गिरक्या घेत आपली सावली शोधत होते. रिझर्व्ह बँकेच्या नोटांवरचा खोटा दोरा अंधारात ओळखणारा माणूस, पण पायाखालची सावली सापडेना. कमल इतकी हसली की खालच्या मजल्यावरून विचारायला माणूस आला. असं का होतं, ते मात्र सरांनी आमच्यावरच सोडलं. त्यांची ती खोड होती. कुणीही काहीही ठासून बोललं की डोकं तिरकं करून विचारायचे, "तुम्हांस कसं कळलं?" कुत्सितपणा जरा नसायचा. खरंच जाणून घ्यायचं असायचं. त्यानंच माणूस जास्त चिडे.

आमचं बिनसलं ते उकळत्या पाण्यावरून. त्या रविवारी त्यांनी गॅसची छोटी शेगडी, पातेलं आणि थर्मामीटर आणला होता. पाणी उकळायला लागलं की आच आणखी मोठी केली तर पाणी आणखी तापेल का, हा प्रश्न. ज्यानं त्यानं आपलं उत्तर आधी कागदावर लिहायचं, मग बघायचं. मी उभाच राहिलो. "लिहायचं काय त्यात? मोठी आच, जास्त ताप. तीस वर्षं विस्तवासमोर बसलोय मी." घरी याच गोष्टीवरून आमची रोज कटकट व्हायची. वरण उकळलं की कमल गॅस बारीक करते आणि मी जाऊन पुन्हा मोठा करतो. कमल म्हणाली, "मग लावा पैज. हरलात तर महिनाभर माझ्या गॅसला हात लावायचा नाही." मी म्हटलं, "पंधरा दिवस." ती म्हणाली, "महिना." "वीस." "महिना म्हणजे महिना." चारचौघांत बायकोशी भाव तुटेना, म्हणून महिन्यावर आलो.

पाणी उकळलं. पारा शंभरापाशी आला. मी स्वतः जाऊन आच पूर्ण मोठी केली. पाणी उड्या मारायला लागलं, निम्मं बाहेर सांडलं, पण पारा जागचा हलेना. मी म्हटलं थर्मामीटर बिघडलाय. सरांनी पेटीतून दुसरा दिला. मग तिसराही दिला. तिघांचं एकच म्हणणं. देशपांडे मागून म्हणाले, "शेठ, चौथा आणू का बाजारातून?" सगळे हसले. मी ताडकन उठलो आणि निघालो. घरी पोचल्यावर बघितलं तर पायात देशपांड्यांची चप्पल.

तीन रविवार गेलो नाही. कमल जायची, आणि आल्यावर अवाक्षर सांगायची नाही. महिनाभर गॅसलाही हात लावायचा नव्हता. लोकांना वाटेल एवढ्या गोष्टीचा काय राग धरायचा! पण ज्याच्याकडे कुठल्या शाळेचा कागद नाही, त्याच्याकडे असतं काय? आपल्या कामातलं आपल्याला कळतं, एवढाच भरवसा. विस्तवातलं मला कळतं, या एका बळावर मी या परमुलखात उभा राहिलो. ते बळ तीस माणसांसमोर तीन थर्मामीटरांनी काढून घेतलं होतं.

मग एके सकाळी मुशीत चोख सोन्याचे तुकडे टाकून वितळवत बसलो होतो. रोजचंच काम. वाऱ्याचा पंखा वाढवला, तसं सोनं भराभर वितळायला लागलं. आणि एकदम माझ्या लक्षात आलं की रंग तोच आहे. जोवर मुशीत एकही घट्ट तुकडा शिल्लक असतो, तोवर तुम्ही किती का वारा घाला, रसाचा रंग पुढे सरकत नाही. शेवटचा कण विरघळला की मगच तो उजळायला लागतो. हे मी हजारदा पाहिलं होतं. त्यावरूनच तर आम्ही सोनं पुरतं वितळलं की नाही ते ओळखतो! म्हणजे मला ठाऊक होतं, आणि तेच मी वर्गात नाकारून आलो होतो... पंखा तसाच चालू, आणि मी वेड्यासारखा मुशीकडे बघत बसलेलो.

त्या रविवारी गेलो. देशपांड्यांची चप्पल पिशवीत घालून नेली. माझं चुकलं, हे काही तोंडातून निघालं नाही. म्हटलं, "सर, माझ्या भट्टीतपण तसंच होतं." सरांनी हातातला खडू खाली ठेवला. "काय होतं? सांगा. नाही नाही, सांगूं नका. दाखवा." सोमवारी सकाळी नऊला माझ्या बोळात हजर. दोन तास स्टुलावर बसून, घामानं निथळत, सोनं वितळताना बघितलं, वहीत लिहून घेतलं. "रंग बदलला तें तुम्हांस कसं कळलं?" मी सांगत होतो, ते लिहीत होते. सातवी सोडलेल्या माणसाचं बोलणं याआधी कुणी लिहून घेतलं नव्हतं.

तेव्हाच मी विचारलं. "सर, पारा चढत नाही, रंग सरकत नाही, कबूल. पण गॅस तर जळतोय. मग ती आच जाते कुठे?"

ते उठून उभे राहिले. मला वाटलं चिडले. पण त्यांनी माझा हात धरला आणि नुसते हसत राहिले. "अय्यो जाधवराव! हें तुम्ही विचारलं? सरि. रविवारीं पाहूं. पाहूंच." मी म्हटलं, "आत्ता सांगा की." "नाही. रविवारीं." बोळाच्या तोंडाशी वळून त्यांनी हात केला. तेवढंच. शुक्रवारी दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

तेराव्यानंतर त्यांच्या ट्रिप्लिकेनच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे मामी म्हणत असू. मामींनी आतून थर्मामीटरांची पेटी आणून माझ्या हातात दिली. "हें तुम्हींच न्या. मुलगा अमेरिकेस. इथें कोण पाहणार?" मी पेटी घेऊन मंडळात आलो तर वर्गातली मंडळी जमलेली, पण पुढे काय करावं ते कुणाला सुचत नव्हतं. मी म्हटलं, "माझ्या प्रश्नाचं काय? त्याचं उत्तर राहिलंय." खिडकीतून मृणाल म्हणाली, "काका, ते तर शाळेच्या पुस्तकात आहे. त्याला म्हणतात..."

"सांगू नको!" मी ओरडलो. पोरगी दचकली. तिच्या सासूबाईंनी कानावर हात ठेवला. दोन आठवडे ज्या उत्तरासाठी मेलेल्या माणसावर चिडून होतो, ते समोर आलं आणि मीच दार लावलं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. एवढंच वाटलं की सरांनी एका वाक्यात सांगायचं टाळून रविवारपर्यंत राखलेली गोष्ट अशी जाता जाता घेऊ नये.

वाट काढली कमलनं. म्हणाली, "उकळत्या पाण्याचा चटका बसतो, वाफेचाही बसतो. वाफेचा जास्त खोल भाजतो. इडलीचं भांडं उघडणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा." मी म्हटलं, "तुला कसं कळलं? मोजलंयस का?" ती म्हणाली, "मग मोजा. काटा तुमच्याकडेच आहे."

गेल्या रविवारी मंडळात मोजलं. भट्टीवरचा सोनं तोलायचा चांगला काटा मी कापडात गुंडाळून मांडीवर घेऊन रिक्षानं आणला. दोन भांड्यांत पाचशे-पाचशे ग्रॅम नळाचं पाणी. एकात वीस ग्रॅम उकळतं पाणी ओतलं. पारा जेमतेम दोन-तीन घरं चढला. मग कुकरच्या शिट्टीच्या जागी रबरी नळी लावून दुसऱ्या भांड्यात वाफ सोडली, वजन बरोबर वीस ग्रॅम वाढेपर्यंत. कमलनं थर्मामीटर बुडवला, पदरानं काच पुसली आणि पुन्हा वाकून बघितलं. मी ओरडलो, "अगं वाच की!" पारा पन्नासाच्या आसपास गेला होता. तीसवर असलेलं पाणी, त्यात पाणी गेलंय तेवढंच, वीसच ग्रॅम. मग एवढी ऊब आली कुठून? वाफेत लपून बसली होती. पातेल्याखालची सगळी आच पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडत होती, आणि वाफेचं पाणी होताच ती जशीच्या तशी परत आली होती. मला भट्टीतला तो शेवटचा घट्ट कण दिसला... तोही तसाच आच पीत बसलेला असणार. खोलीत नुसता गलका झाला. मृणाल खिडकीतून उतरून काट्याजवळ येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "काका, मी हे परीक्षेत लिहिलंय. कधी बघितलं नव्हतं."

तेवढ्यात देशपांडे म्हणाले, "एक मिनिट शेठ. नळीसुद्धा तापली होती. तिचीच ऊब पाण्यात उतरली नसेल कशावरून?"

माझ्या डोक्यात सणक गेली. तोंडाशी काय काय आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मंडळाचे चिटणीस दारात उभे, बारा वाजले, बायकांचा कार्यक्रम आहे, हॉल मोकळा करा म्हणत. मी त्यांच्याशी घासाघीस करून पाऊण तास मिळवला. मग देशपांड्यांना म्हटलं, "धरा ती नळी, कापड गुंडाळा तिला. तिची ऊब पाण्याला लागता कामा नये." आणि माझ्या जिंकलेल्या पाण्याचं भांडं उचलून मोरीत ओतलं, आणि नव्यानं पाचशे ग्रॅम मोजायला बसलो.