पहिला आवाज
डांबराच्या गोळ्यांचा वास आला की दौंडच्या चर्चमधल्या नाताळच्या जरीच्या साड्या आठवतात. सत्तरच्या दशकात आमच्या पाळकसाहेबांनी आम्हा गाणाऱ्या बायकांकडून नाताळसाठी फ्यूग नावाचा विलायती गाण्याचा प्रकार बसवून घेतला होता. एकीनं चाल सुरू करायची, तीच घेऊन बाकीच्यांनी एकामागून एक यायचं. सुरुवात माझ्याकडे होती. धुणं धुताना महिनाभर मी तेवढंच घोकत होते. "कालची सून म्होरं, आन् आमी मागनं व्हय?" सासूबाई फणकारल्या. आमच्यात गाणाऱ्या प्रत्येक म्हातारीला तोच मान हवा होता. ऐन उपासनेत मी तोंड उघडलं आणि जरीच्या साड्यांतल्या सगळ्याजणी एकदमच किंचाळल्या. वर बाहेर येऊन म्हणतात, "यंदा लई दणक्यात झालं!" आता रेडिओवर फ्यूग लागतो, तेव्हा पहिला आवाज एकटा गातो आणि बाकीचे तोवर गप्प राहतात. तेवढं मोठेपण त्या जरीच्या साड्यांपैकी एकीतही नव्हतं.