त्यानं न दिलेली हाक

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. भानामती, अंगात येणं असले विषय निघाले की मी उठून चहा टाकायला जायची... अजूनही जाते. त्यामुळे हे इथं लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. चार दिवस झाले, लिहिते नि खोडते. आता मात्र सांगूनच टाकते.

विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा धुमसत होता, तेव्हाची गोष्ट. आमचं घर वालूरला. वडील, म्हणजे आमचे नाना, तिथल्याच शाळेत मास्तर. मी रोज एस.टी.नं सेलूला ज्युनिअर कॉलेजला जायची. वर्गात मिलिंद होता (नाव बदललंय). मूळचा बोरीचा, सेलूत खोली करून राहायचा. तो दलित वस्तीतला, आम्ही गावातले. त्या काळी एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नसे.

अकरावीत केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला त्याच्या हातात काचेची नळी फुटली. मी मुलींच्या बाजूला, चार टेबलं लांब. माझ्या उजव्या तळहातात असं झोंबलं की हातातली बाटली सुटली. जखम काहीच नाही. मान वर केली तर तो हाताला रुमाल गुंडाळत माझ्याकडेच बघत होता.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीच्या खिडकीशी त्यानं हळूच विचारलं, "तुमचा बी हात दुखायलाय का?"

मी नुसती मान हलवली.

मग नादच लागला. तो मागच्या बाकावर मनात एक आकडा धरायचा, मी वहीच्या कोपऱ्यात लिहायची. तास सुटला की वही उघडी धरून त्याच्या शेजारून जायचं. क्वचितच चुकायचं... आकड्यांचे शब्द झाले, शब्दांची वाक्यं. मला पाठवता यायचं नाही, फक्त ऐकू यायचं. म्हणून मी वेणी पुढे घेतली की 'हो', मागे टाकली की 'नाही'. तोंडानं तो मला 'तुमी' म्हणायचा, मनातून 'तू'. वर्षभरात समोरासमोर आम्ही दहा वाक्यंसुद्धा बोललो नसू. एकदा इंग्रजीच्या तासाला त्याचं आलं — तू न्हाई आलीस त्या दिवशी वर्ग रिकामा वाटतो मला. मी वेणी पुढे घेतली, नि तास संपेपर्यंत तशीच धरून बसले.

बारावी सुरू होऊन दोनच महिने झाले नि गावोगाव आगी लागल्याच्या बातम्या यायला लागल्या. कॉलेज बंद, एस.टी. बंद. मला घरात बसवेना, उभं राहवेना. स्वयंपाकघरातून ओसरीवर, ओसरीवरून परत आत... आई वैतागली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं पुढ्यात ज्वारी निवडायला टाकली. सुपाला हात लावला तोच कमरेपर्यंत गार पाणी लागल्यासारखं झालं. डाव्या पायातून कळ गेली. नि डोळ्यांपुढे एक विहीर — वर बाभूळ, कठडा ढासळलेला, शेजारी मोटारीची खोली, तिचं हिरवं पत्र्याचं दार एका बिजागरीवर लोंबतंय. ती जागा मी कधीच पाहिलेली नव्हती.

सांगावं तर सगळं उघडं पडणार. न सांगावं तर... पाच मिनिटं बसून राहिले की अर्धा तास, मला ठाऊक नाही. शेवटी नानांपुढे जाऊन उभी राहिले. म्हणाले, "आमच्या वर्गातला मिलिंद विहिरीत पडलाय." आणि दार, बाभूळ, सगळं सांगितलं.

नाना खुर्चीतून उठले. "बोरीच्या रस्त्याला हाय ती विहीर. तुला कुणी सांगितलं?"

"त्यानंच."

त्यांनी पुढे विचारलं नाही. शेजाऱ्यांना सोबत घेतलं, दोर घेतला, बैलगाडी जुंपली नि निघाले. त्या दिवसांत दलित पोराला वाचवायला त्या रस्त्यानं जाणं सोपं नव्हतं.

तो तिथंच होता. कमरेइतक्या पाण्यात, डावा पाय मोडलेला. घरच्यांची खबर घ्यायला सेलूहून सायकलवर निघाला होता. हँडलला निळं फडकं बांधलेलं. चार-पाच जणांनी अडवलं, मारलं. तो पिकातून पळत सुटला नि थेट विहिरीत गेला. नानांनी त्याला गाडीत घालून सेलूच्या दवाखान्यात पोचवलं.

मग घरात चौकशी सुरू झाली. मी खरं ते सगळं सांगितलं — नळी, आकडे, वेणी. कुणी मानलं नाही. आम्ही चोरून भेटत होतो, हे मात्र सगळ्यांनी लगेच मानलं. नाना एवढंच म्हणाले, "पोरगं वाचलं, चांगलं झालं. तुझं कॉलेज आता बास." पुढच्या उन्हाळ्यात माझं जालन्याला लग्न झालं. नवरा चांगला माणूस, पुढे शिकू दिलं, नोकरी करू दिली. पण त्या दुपारनंतर मला पुन्हा कधी काही ऐकू आलं नाही. पहिली दोन-तीन वर्षं कान देऊन बसायची... काहीच नाही.

बारा-तेरा वर्षांनी परभणीच्या स्टँडवर मिलिंद भेटला. पाटबंधारे खात्यात लागला होता, दोन मुलं होती, चालताना किंचित लंगडायचा. कँटीनमध्ये चहा घेतला. मी म्हणाले, त्या दिवशी हाक दिलीत ते बरं केलंत.

त्यानं कप खाली ठेवला.

"मी हाक दिलीच न्हाई. पडल्यापासून मी एकच म्हणायलो होतो... सांगू नको. तुझं वाटोळं होईल, कुणाला सांगू नको."

मी दाराचं विचारलं. तो म्हणाला, पळताना मागं बघायलो होतो, पुढचं काहीच दिसलं न्हाई. आतून तर नुसतं आभाळ. असलं काही दार तिथं होतं, हे त्याला तेव्हा पहिल्यांदाच कळत होतं.

त्याची गाडी लागली. उठता उठता त्यानं विचारलं, "मी म्हणायलो होतो ते आलं असतं ऐकू, तर गप बसला असता का तुमी?"

मी 'नाही' म्हणाले. तो हसला, गाडीत चढला.

ते दार मला कुणी दाखवलं, हे आजही सांगता येत नाही. पण खरं सांगू? मला झोप लागू देत नाही ती दुसरीच गोष्ट. तेव्हा मी सतरा वर्षांची होते, सुपाला हात लावून बसले होते, भ्यायले होते. 'सांगू नको' हे ऐकू आलं असतं, तर मला वाटतं... मी त्याचं ऐकलं असतं.