सहावी कॅसेट

मला जपानी येत नाही, पण एक अख्खी जपानी मालिका मला पाठ आहे. ती मी वहिनीबरोबर इंग्लंडमधल्या स्लाऊच्या आमच्या घरात पाहिली. तिच्यातले सगळे संवाद वहिनीने मराठीत रचले होते, त्यामुळे मूळ संवाद काय होते याच्याशी मला आजही देणंघेणं नाही.

दादा ब्रॅकनेलला एका कंपनीत इंजिनिअर होता. त्याचा एक जपानी सहकारी मायदेशी परत जाताना आपला टीव्ही, दोन्ही देशांच्या टेपा चालणारा व्हिडिओ आणि खोकंभर कॅसेट आम्हाला देऊन गेला. फुकट ते पौष्टिक, म्हणून बाबांनी सगळं घेतलं. त्यात या मालिकेच्या सहा कॅसेट होत्या, प्रत्येकीवर नंबर घातलेला. त्याच्या आईने तिकडे रेकॉर्ड करून पोस्टाने पाठवलेल्या.

वहिनी तेव्हा पंचवीस वर्षांची होती. लग्न होऊन नागपूरहून आली त्याला दोन वर्षं झाली होती. ट्रेडिंग इस्टेटवरच्या, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका वेअरहाउसमध्ये पॅकिंग करायची. लिहिलेलं इंग्रजी तिला वाचता यायचं, पण इथल्या लोकांचं बोलणं तिच्या डोक्यावरून जायचं. उलट मी इथेच जन्मलेली, सतरा वर्षांची. माझं मराठी लंगडं होतं आणि ते सुधारण्याचा ठेका वहिनीने स्वतःहून घेतला होता. आज मी हे लिहू शकते ते तिच्यामुळे.

त्या वर्षी तिच्या दंडांवर काळेनिळे डाग उठायला लागले. रक्त तपासलं, मग हॉस्पिटल. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं आणि ते तिला मराठीत सांगणं दादाला जमेना. तो बाहेर जाऊन बसला. तेव्हापासून डॉक्टरांचं वहिनीला आणि वहिनीचं डॉक्टरांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्या काळी पोरीबाळींकडून असली कामं करून घेण्यात कुणाला काही गैर वाटत नसे. डॉक्टर बोलायचे, मग माझ्याकडे बघून थांबायचे.

दुसऱ्या भेटीआधी बाबांनी मला कार पार्कमध्ये गाठलं. म्हणाले, "हे बघ, तिला नाव सांगायचं नाही. रक्तात इन्फेक्शन आहे म्हण. धीर खचला की माणूस खचतं."

आई म्हणाली, "आपल्यात नाही सांगत गं पेशंटला."

दादा गाडीला कुलूप लावत राहिला. डॉक्टर 'ल्युकेमिया' म्हणायचे, तो शब्द वहिनीला माहीत नव्हता. 'ब्लड कॅन्सर' म्हटलं असतं तर तिला लगेच कळलं असतं, म्हणून तो शब्द आमच्या घरात कुणी उच्चारायचा नाही असं ठरलं. मी निमूटपणे ऐकलं. मला त्याची अजूनही चीड येते, आणि ती फक्त बाबांची नाही, माझीसुद्धा.

उपचारांच्या दोन फेऱ्या झाल्या. वहिनीचे लांब केस गेले. ती उन्हाळाभर लोकरीची टोपी घालून सोफ्यावर पडून असायची आणि आम्ही ती जपानी मालिका बघायचो. गोष्ट एका कॉलेजातल्या मुलीची होती. तिला काहीतरी मोठं दुखणं असतं, आणि ते तिच्याखेरीज सगळ्यांना माहीत असतं. तिची आई हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून रडायची, रुमालाने चेहरा पुसायची आणि हसत हसत खोलीत शिरायची.

"बघ, आली," वहिनी म्हणायची, आणि त्या बाईच्या तोंडी वाक्य घालायची. "अगं, आज किती फ्रेश दिसतेस. डॉक्टर म्हणाले, नुसतं इन्फेक्शन आहे."

मी हसायचे आणि पडद्याकडेच बघत राहायचे.

आईने सहावी कॅसेट गुपचूप बघितली. मुलगी शेवटी मरते हे कळायला जपानी यावं लागत नाही. आईने ती माझ्या हातात दिली आणि लपवायला सांगितलं. मी ती गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात टॉवेलांखाली ठेवली. वहिनीला सांगितलं, त्या माणसाकडे पाचच होत्या. ती "बरं" म्हणाली आणि आम्ही पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.

ऑक्टोबरमध्ये दुखणं उलटलं. डॉक्टरांनी माझ्यामार्फत तिला दोन रस्ते सांगितले. तिसरी फेरी घेता येईल, पण गुण येण्याची आशा फार थोडी आहे आणि बरेच आठवडे हॉस्पिटलात जातील. नाहीतर फेरी घ्यायची नाही, त्रास कमी करायची औषधं घ्यायची आणि जितके दिवस मिळतील ते घरी काढायचे. निर्णय तिचा, असं ते दोनदा म्हणाले. मी वहिनीकडे वळून म्हटलं, "ते म्हणतात, अजून एक राउंड. मग घरी."

"ते म्हणतात तर घेऊ," वहिनी म्हणाली.

तिची हीच इच्छा आहे ना, असं डॉक्टरांनी विचारलं. मी येस म्हटलं. सोमवारी भरती व्हायचं ठरलं.

आदल्या दिवशी रविवार होता. रविवारी सकाळी आमच्याकडे बुद्धवंदना असायची. हाउन्सलोहून, स्लाऊमधून पाच-सहा कुटुंबं यायची. समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्या, अगरबत्ती. बाबा पंचशील म्हणायचे आणि आम्ही मागून म्हणायचो. मग ते विवेकावर पंधरा मिनिटं बोलायचे. बाबांचं बोलणं ऐकायला लोक खरंच लांबून यायचे.

त्या दिवशी वहिनी पहिली तीन शीलं मोठ्याने म्हणाली. चौथं खोटं न बोलण्याचं, तिथे ती गप्प राहिली. पाचव्याला पुन्हा आवाज लावला. चहा आला तेव्हा तिने सगळ्यांदेखत विचारलं, "बाबा, चौथं शील आपण कुणासाठी म्हणतो हो?"

"म्हणजे?" बाबा म्हणाले.

"सहावी कॅसेट कुठे आहे?"

"ती आलीच नाही, बेटा."

"खोक्याच्या झाकणावर एक ते सहा आकडे लिहिलेत. जपानी येत नसलं तरी मला मोजता येतं."

लोकांनी कप खाली ठेवले. आई स्वयंपाकघरात निघून गेली. वहिनी माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती नुसती वाट बघत होती, डॉक्टर बोलून झाल्यावर बघायची तशी. मी उठले, वर गेले, टॉवेलांखालची कॅसेट काढली आणि खाली येऊन तिच्या मांडीवर ठेवली.

"शेवटी ती मरते, वहिनी. तुला इन्फेक्शन नाहीये, ब्लड कॅन्सर आहे. आणि उद्याचा राउंड, डॉक्टर म्हणाले होते की तुझा डिसिजन आहे. मी खोटं सांगितलं."

"काय केलंस हे," बाबा म्हणाले.

"आय अ‍ॅम नॉट डुइंग इट एनी मोर, बाबा. तुम्हाला खोटं बोलायचं असेल तर तुम्ही इंग्लिशमधून मराठीत करा."

बाबांशी मी तोवर असं कधी बोलले नव्हते. ते मूर्तीकडे बघत बसले. वहिनीने टोपी काढून बाजूला ठेवली आणि दादाला म्हणाली, "अहो, व्हिडिओ लावा. पाहुण्यांनाही बघू द्या."

दोन कुटुंबांनी काढता पाय घेतला. बाकीच्यांनी बसून पाहिलं. ती मुलगी समुद्रकिनारी, केस विंचरलेले, एका तरुणाच्या खांद्यावर डोकं ठेवून अलगद गेली. शेवटपर्यंत तिला कुणी काही सांगितलं नाही.

"मूर्ख मुलगी," वहिनी म्हणाली. "एकदा तरी विचारायचं होतं."

मग ती खूप रडली आणि दादाही तिच्याशेजारी बसून रडला. त्या घरात इतक्या महिन्यांत दोघं एकत्र रडल्याचं मी पहिल्यांदा बघितलं.

सोमवारी तिने डॉक्टरांना तीन प्रश्न विचारले. वाचण्याची आशा किती? फेरी घेतली नाही तर किती दिवस? दुखेल का? मी प्रत्येक शब्द इकडून तिकडे नेला. काही गाळलं नाही. शेवटी ती म्हणाली, "त्यांना सांग, केस माझे होते, निदान विचारून तरी न्यायचे. आता तिसरी फेरी नको." डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघितलं आणि सॉरी म्हटलं.

तो हिवाळा तिने घरी काढला. टोपी पुन्हा घातली नाही. स्लाऊच्या हाय स्ट्रीटवर ती माझा हात धरून बोडक्या डोक्याने चालायची आणि कुणी वळून बघितलं की विचारायची, "नमस्कार करू का त्यांना?" बाबा मात्र दर रविवारी चौथ्या शीलापाशी अडखळायचे. मला त्यांची दया आली नाही. पुढे आली, फार वर्षांनी.

फेब्रुवारीत तिला परत हॉस्पिटलात न्यावं लागलं. एका दुपारी नर्सने मला कॉरिडॉरमध्ये बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. आई, बाबा, दादा तिथेच उभे होते. आई रुमालाने चेहरा पुसत होती. मी तशीच, न पुसता, आत गेले.

"आजच जाणार का मी?" वहिनीने विचारलं.

"आज. नाहीतर उद्या."

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "त्यांना सांग, रडायचं असेल तर इथे येऊन रडा. माझ्यासमोर."

मी बाहेर गेले आणि ते जसंच्या तसं त्यांना सांगितलं.